सांधा कुठे लावलाय?



आज मी तुमच्याशी एका अगदी लहान गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती बदलायला संगणकावर एक ओळ टाइप करावी लागते. पण त्या एका ओळीपायी धुळ्याच्या एका तरुण मुलाची नोकरी जाता जाता राहिली, काही शेतकऱ्यांच्या हातात कमी पैसे पडले आणि मला एक रात्र झोप लागली नाही. दोष माझा होता. म्हणून ही गोष्ट मीच सांगायला हवी.

मी जळगावात राहतो. संगणकाचे प्रोग्राम लिहिणं हा माझा व्यवसाय. माझे वडील भुसावळला रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा जो सांधा असतो, तो बरोबर लागलाय ना हे बघणं हे त्यांचं काम. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

प्रोग्राम लिहिणं म्हणजे शेवटी लिहिणंच. आणि लिहिणाऱ्याची एक अडचण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्या लग्नाची पत्रिका संगणकावर केली की पहिली फाइल ‘पत्रिका’, मग मामांचं नाव राहिलं म्हणून ‘पत्रिका नवीन’, मग ‘पत्रिका अंतिम’ आणि त्यानंतर ‘पत्रिका अंतिम खरी’. छापखान्यात मात्र नेमकी मामांचं नाव नसलेली जाते! प्रती वाढल्या की खरी कोणती हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली, ती याच कारणाने. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले होते. पुढे कुणी त्यात आपल्या ओव्या मिसळू नयेत, असंही त्यांनी बजावून ठेवलं. आपल्या धुळ्यात तर या कामाची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि पाठोपाठ १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे, तो कुणी आणि कधी बदलला असेल, याचा शोध घेण्यात या मंडळींनी आयुष्यं घालवली.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी हेच काम करणारं एक साधन आहे. त्याचं नाव गिट. लिनक्स ही संगणक प्रणाली ज्यांनी सुरू केली त्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिलं. लिनक्सचं काम जगभर विखुरलेले हजारो लोक करतात. त्यांच्या प्रतींचा हिशेब ठेवणारं जे साधन तोवर वापरात होतं, त्याची मोफत परवानगी मालकांनी काढून घेतली. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी स्वतःचंच साधन उभं केलं. काही महिन्यांतच त्याची देखभाल जुनियो हमानो यांच्याकडे आली. आज जगातले बहुतेक प्रोग्रामर गिट वापरतात.

गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद होते. कुणी केला, कधी केला आणि का केला. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखंच म्हणा ना. शिवाय प्रत्येक नोंदीला अक्षरं आणि आकडे मिळून एक खूण मिळते. एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते. नोंदवहीची पूर्ण नक्कल प्रत्येकाच्या संगणकावर असते आणि सगळ्यांची मिळून एक सामाईक प्रत मध्यवर्ती संगणकावर असते. आपलं काम त्या सामाईक प्रतीकडे पाठवण्याला ‘पुश’ म्हणतात.

आता शाखा. मुख्य रूळ मोडू न देता वेगळं काम करायचं, तर गिटमध्ये शाखा काढतात. खानदेशातल्या माणसाला शाखा समजावून सांगायची गरज नाही. चाळीसगावहून धुळ्याला जाणारा ५६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग ही १९०० सालापासूनची शाखाच आहे. मुंबईच्या गाडीला धुळ्याचे डबे जोडलेले असत, ते चाळीसगावला सुटे होत आणि धुळ्याकडे नेले जात, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलंय. डबा योग्य ठिकाणी जायचा, कारण त्याच्यावर ‘धुळे’ अशी पाटी असायची. गिटमध्येही शाखेला अशी पाटी लावता येते. माझ्याकडची ही शाखा सामाईक प्रतीतल्या अमुक शाखेशी जोडलेली आहे, अशी ती नोंद. तिला ‘ट्रॅकिंग’ म्हणतात, आणि पलीकडच्या शाखेला ‘अपस्ट्रीम’.

इथे खरा प्रश्न येतो. मी नुसतं ‘गिट पुश’ एवढंच म्हटलं, काय पाठव आणि कुठे पाठव हे सांगितलंच नाही, तर गिटने काय करायचं? सांगणाऱ्याने अर्धवट सांगितलं तर ऐकणाऱ्याने काय गृहीत धरायचं? या गृहीत धरण्याला संगणकाच्या भाषेत ‘डिफॉल्ट’ म्हणतात.

सुरुवातीची बरीच वर्षं गिटचं गृहीत असं होतं: तुझ्याकडच्या ज्या ज्या शाखांच्या नावाची शाखा पलीकडे आहे, त्या सगळ्या पाठवतो. या पद्धतीला ‘मॅचिंग’ म्हणत. म्हणजे तुम्ही एका डब्याजवळ उभे राहून शिट्टी वाजवली, पण यार्डात ज्यांच्यावर ओळखीची पाटी आहे ते सगळेच डबे निघाले. एकटा माणूस आपल्या सगळ्या शाखा नीट आवरून पाठवत असेल, तर ही पद्धत सोयीची होती. दहा जण एकाच सामाईक प्रतीवर काम करत असतील, तर मात्र धोक्याची.

आता २०१३ चा डिसेंबर. मी तेव्हा एका छोट्या कंपनीत होतो. थोडे लोक जळगावात, थोडे धुळ्यात. आम्ही कापसाच्या जिनिंगसाठी हिशेबाचा प्रोग्राम करत होतो. कापसाची गाडी काट्यावर येते, वजन होतं, ओलावा मोजला जातो, कपात होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. ओलाव्याचं महत्त्व कापूस पिकवणाऱ्याला सांगायला नको. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीतही ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या वर तर माल घेतच नाहीत.

आमच्या प्रोग्राममध्ये एक खोट होती. ८.२ टक्के ओलावा आला की तो ९ धरला जायचा. समजा, २० क्विंटल कापूस आणि भाव साडेचार हजार. नव्वद हजारांच्या मालावर ०.२ टक्के कपात म्हणजे १८० रुपये. पण पूर्ण एक टक्का धरला, तर ९०० रुपये. एका गाडीमागे शेतकऱ्याचे ७२० रुपये जात. ही खोट धुळ्याच्या आमच्या सहकाऱ्याने शोधली. नुकताच लागलेला मुलगा. सहा महिने हंगामी आणि काम पटलं तर कायम, अशी त्याची नेमणूक. त्याने दोन दिवस बसून दुरुस्ती केली, सामाईक प्रतीतल्या मुख्य शाखेत पाठवली आणि घरच्या लग्नासाठी शिरपूरकडे निघून गेला.

मी त्याच आठवड्यात माझ्या एका वेगळ्या शाखेवर काम करत होतो. त्या शाखेतल्या जुन्या नोंदी मी नीट लावून घेतल्या होत्या. अशा वेळी पलीकडची प्रत आणि आपली प्रत जुळत नाही आणि गिट पाठवायला नकार देतं. मग जबरदस्तीने पाठवावं लागतं. तशी सोय आहे. मी ती वापरली. मला पाठवायची होती फक्त माझी शाखा. पण माझ्या संगणकावर मुख्य शाखेचीही एक प्रत होती, पंधरा दिवसांपूर्वीची. दोन्हींची नावं पलीकडच्या नावांशी जुळत होती. दोन्ही गेल्या, आणि जबरदस्तीने गेल्या. सामाईक प्रतीतली मुख्य शाखा एका क्षणात पंधरा दिवस मागे गेली. त्या मुलाची दुरुस्ती तिथून पुसली गेली.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या. उमटायला हवी होती एकच. मी बघितलं नाही. आणखी एक सांगतो. त्या काळातलं गिट प्रत्येक वेळी एक लांबलचक सूचना दाखवत असे, की बाबा रे, हे गृहीत आता बदलणार आहे, तुला काय हवं ते ठरवून ठेव. ती सूचना मी वर्षभर रोज बघत होतो. वाचत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सामाईक प्रतीवरून प्रोग्राम तयार झाला आणि जिनिंगवर बसवला गेला. जुन्याच हिशेबाने पट्ट्या निघाल्या. दोन दिवसांत चाळीसेक पट्ट्या गेल्या असतील. मग एका शेतकऱ्याने घरी जाऊन स्वतः आकडेमोड केली आणि परत येऊन विचारलं. दुरुस्ती झालीय असं गिरणीला कळवलेलं होतं, त्यामुळे आमच्याकडे फोन आला. आमच्या साहेबांनी थेट धुळ्याला फोन लावला. “काम केलं म्हणून सांगितलंस, कुठाय ते?”

मुलगा लग्नातून परतला होता. त्याने आपला संगणक उघडून दाखवला. दुरुस्ती तिथे होती, तारखेसह. साहेब म्हणाले, “तुझ्या मशीनवर असेल. तू पाठवलंच नाहीस.” यावर तो काय बोलणार? सामाईक प्रतीत त्याची नोंद नव्हती. कोणत्या शाखेचं टोक कधी कुठे हललं याची वही गिट प्रत्येकाच्या संगणकावर ठेवतं, पण मध्यवर्ती संगणकावर ती सांगितल्याशिवाय ठेवत नाही. आमच्यापैकी कुणी ते सांगितलेलं नव्हतं. त्याने मला फोन केला. घाबरला की तो अहिराणीत बोलायचा. “भाऊ, मन्हं काम कोठे गयं?”

मी म्हणालो, “बघतो.” आणि बघितलं. माझ्या संगणकावरची ती खिडकी उघडीच होती. वर सरकवत गेलो. त्या दोन ओळी तिथे होत्या. मुख्य शाखेच्या ओळीत दोन खुणा होत्या. आधी इथे काय होतं आणि आता काय आहे. आधीच्या जागी जी सात अक्षर-आकड्यांची खूण होती, ती त्या मुलाच्या नोंदीचीच होती. म्हणजे त्याने काम पाठवलं होतं. ते सामाईक प्रतीत पोचलं होतं. आणि मी ते पुसलं होतं. याचा पुरावा माझ्या पडद्यावर होता. खिडकी बंद केली असती, तर कदाचित कुणाला काहीच कळलं नसतं.

मी त्या रात्री कुणाला फोन केला नाही. खरं तेच सांगतो. मी ज्येष्ठ होतो, माझं नाव होतं. उद्या सांगू, जरा नीट शब्द जुळवू, असं म्हणत बसलो.

वडील तेव्हा आमच्याकडे आले होते. जेवताना त्यांनी विचारलं, काय झालंय? संगणकातलं त्यांना काय समजणार, असं मनात म्हणत मी शाखा, रूळ, डबे अशा भाषेत सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे सांधा मोकळा सोडला, तर तो कुठे लागलेला असतो?”

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावलं. रेल्वेत प्रत्येक सांध्याची एक ‘नॉर्मल’ स्थिती ठरलेली असते. बाजूच्या रुळावर गाडी घ्यायची तर सांधा फिरवायचा, पण काम झालं की पुन्हा नॉर्मलला आणायचा. ती स्थिती कुणाच्या सोयीने ठरवत नाहीत. माणूस विसरला, दमला, बोलावणं आलं म्हणून निघून गेला, तर कमीत कमी नुकसान कशात आहे, ते बघून ठरवतात. “तुमच्या सांध्याची नॉर्मल कुणी ठरवली?” असं त्यांनी विचारलं आणि पुढे एवढंच म्हणाले, “आणि त्या पोराला घरी कळवलंस का?”

सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले, आणि ते बरोबरच होतं. मग एसटी पकडली. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. फोनवरही सांगता आलं असतं, पण ज्याच्यावर आपल्यामुळे आळ आला, त्याला समोर बसून सांगावं असं वाटलं. त्या दोन ओळी मी कागदावर छापून नेल्या होत्या. त्याने कागद बघितला, खूण आपल्या नोंदीशी ताडून पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पैसा कमी भेटनात त्यासले कोन सांगी?” ज्यांना पैसे कमी मिळाले, त्यांना कोण सांगणार? रात्रभर मी माझ्या नावाचा विचार केला होता. त्याला पट्ट्या आठवल्या.

दुरुस्ती परत आणायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याच्या संगणकावर सगळं होतं. त्याने पुन्हा पुश केलं आणि मुख्य शाखा जागेवर आली. पट्ट्यांना मात्र आठवडा लागला. गिरणीच्या वहीतून नावं काढली, फरक काढले, आणि गिरणीने ते दिले. दोघा-तिघांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. मुलगा ठरल्या वेळी कायम झाला.

आता गिटचं काय झालं ते सांगतो. माझ्यासारखे अनेक जण होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेनकिन्स नावाच्या जगप्रसिद्ध प्रकल्पात एका सदस्याच्या हातून नकळत दीडशेहून अधिक भांडारांवर अशीच जबरदस्तीची पाठवणी झाली होती. तिथलं कारण वेगळं होतं आणि काम परत मिळालंही, पण धडा तोच. गिट घडवणाऱ्यांना जुन्या गृहीताचा धोका आधीच कळला होता. २००९ मध्ये त्यांनी ते प्रत्येकाला बदलता येईल अशी सोय केली. त्या मांडणीचं नाव ‘पुश डॉट डिफॉल्ट’. २०१२ मध्ये ‘सिंपल’ नावाचा पर्याय आणला. मग सूचना दाखवायला सुरुवात केली. आणि २८ मे २०१४ रोजी आलेल्या गिट २.० मध्ये ‘सिंपल’ हेच सर्वांसाठी गृहीत झालं.

एवढी वर्षं का लागली? कारण जुन्या गृहीतावर हजारो लोकांची रोजची कामं चालली होती. सांधा बदलायचा तर त्या रुळावरून आधीपासून येणाऱ्यांना आगाऊ कळवावं लागतं. नाहीतर सुरक्षिततेसाठी केलेला बदलच अपघात घडवतो.

‘सिंपल’ काय करतं? तुम्ही ज्या शाखेवर उभे आहात, तेवढीच पाठवतं. तीही तिच्याच नावाच्या शाखेकडे. पाटीवर दुसरंच नाव असेल तर थांबतं आणि विचारतं. पाटीच नसेल तरी थांबतं, आणि आधी पाटी लाव म्हणून सांगतं. दुसरेही पर्याय आहेत. ‘करंट’ पाटी न बघता त्याच नावाने पाठवतं, ‘अपस्ट्रीम’ पाटीवर जे असेल तिकडे पाठवतं, आणि ‘नथिंग’ तर स्पष्ट सांगितल्याशिवाय काहीच पाठवत नाही. प्रत्येक नव्या शाखेला हाताने पाटी लावायचा लोकांना कंटाळा येई. म्हणून २०२२ मध्ये २.३७ या आवृत्तीत, पहिल्याच पुशला पाटी आपोआप लागावी, अशीही सोय आली. ती मात्र आपण सांगितली तरच चालू होते.

आमच्या कंपनीत आम्ही दुसऱ्याच दिवशी प्रत्येक संगणकावर ‘सिंपल’ लावलं. मुख्य शाखेवर कुणाचीच जबरदस्ती चालणार नाही, असं कुलूप मध्यवर्ती संगणकावर घातलं. आणि जबरदस्ती करायचीच, तर मी शेवटचं पाहिलं होतं तेच अजून तिथे असेल तरच पाठव, अशी सावध जबरदस्ती वापरायची, हे ठरवलं. तीही सोय गिटमध्ये तेव्हा नुकतीच आली होती.

तुमच्यापैकी बहुतेकांना गिटशी काही देणंघेणं नसेल. पण गृहीतांशी सगळ्यांचाच संबंध आहे. मोबाइलमध्ये फोटो कुणाला दिसावेत, अर्जातल्या कोणत्या चौकटीत आधीच खूण केलेली आहे, मशीनवर ओलावा कुठल्या आकड्याकडे वळवला जातो, हे सगळं कुणीतरी, कधीतरी ठरवून ठेवलेलं असतं. आपण काहीच बोललो नाही, तर ते आपल्या नावाने घडत राहतं. म्हणून नवं यंत्र हाती घेताना एकदा विचारावं: मी विसरलो, तर हे काय करेल?

तो मुलगा आता पुण्यात आहे. त्याच्या हाताखाली नवी मुलं काम करतात. मागच्या दिवाळीला धुळ्याला जाताना तो माझ्याकडे थांबला होता. मी विचारलं, नव्या मुलांना पहिल्यांदा काय शिकवतोस? तो म्हणाला, “काही नाही भाऊ. पुश केल्यावर किती ओळी आल्या, त्या मोजायला सांगतो.”

(नभोवाणी भाषणाचा संपादित मजकूर)